जाहीर झालेले पण कधीच न आलेले छोटे कॅमेरे: निकॉन डीएल आणि बाकीचे

इतवारीचा_वाटसरू

२३ फेब्रुवारी २०१६ ला निकॉननं तीन छोटे कॅमेरे एकदम जाहीर केले: डीएल १८-५०, डीएल २४-८५ आणि डीएल २४-५००. तिन्हींत १ इंची सेन्सर, २०.८ मेगापिक्सेल, फोर-के व्हिडिओ, आणि फोकस चालू ठेवून सेकंदाला २० फ्रेम. नावातले आकडे म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबातली फोकल लेंथ; आकडा जितका लहान तितकी चौकट रुंद. अमेरिकेतल्या किमतीही सांगून झाल्या होत्या, अनुक्रमे ८५०, ६५० आणि १००० डॉलरच्या आसपास. एप्रिलमध्ये कंपनीनं सांगितलं की चित्रप्रक्रियेच्या चिपमध्ये (आयसीत) अडचण आहे, त्यामुळे कॅमेरे लांबणीवर पडलेत. नवी तारीख दिलीच नाही. १३ फेब्रुवारी २०१७ ला तिन्ही रद्द. कारण दिलं ते असं, की विकासाचा खर्च वाढला आणि बाजार मंदावल्यानं अपेक्षित विक्री घटली.

एवढं सगळ्यांना ठाऊक असेल. मला बोलायचंय ते डीएल १८-५० बद्दल, माझ्या मते यातला एकच महत्त्वाचा. त्याची लेन्स एफ/१.८ ते एफ/२.८ होती (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), हात हलला तरी सांभाळून घेणारी स्थिरीकरणाची सोय लेन्समध्येच होती, वर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवता येणार होता. १८ मिमीला एफ/१.८, आणि तेही जॅकेटच्या खिशात मावेल अशा आकारात. असा कॅमेरा त्याआधी कुणीच काढला नव्हता.

नागपूरकरांना याचं महत्त्व लगेच कळेल. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा, निघते तेव्हा मागं सरकायला जागाच नसते. पाठीशी दुकानाचं शटर, पुढं माणसांची भिंत, आणि त्या भिंतीवर पंधरा-वीस फूट उंचीची मारबत. कॅमेरा उभा धरून तीन मीटरवरून फोटो काढलात तर २४ मिमीच्या चौकटीत साडेचार मीटर उंची मावते, १८ मिमीत सहा मीटर. दीड मीटरचा फरक झाला. या दीड मीटरमुळेच मारबतीचं तोंड आणि ती ओढणाऱ्यांचे हात एकाच फ्रेममध्ये येतात. नाहीतर दोन्हींतून एक निवडावं लागतं. मी बहुतेक वेळा तोंड निवडलं. माझ्याकडे मारबतीची तोंडं ढिगानं आहेत, खाली घाम गाळणारी माणसं जवळपास नाहीत.

मोठा कॅमेरा आणि वाइड लेन्स घेऊन जाता येतंच की, असं कुणी म्हणेल. जाता येतं. पण बडग्यांच्या (मारबतीबरोबर निघणाऱ्या दुसऱ्या पुतळ्यांच्या) मागं नाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यात दीड किलोचं धूड डोळ्याला लावलं की आजूबाजूचे पंधरा जण पोज द्यायला लागतात. मला हवा असलेला क्षण तिथंच संपतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की डीएल १८-५० रद्द झाला तेव्हा एक यंत्र गेलं हे खरं, पण त्याबरोबर विशिष्ट जातीचे फोटोही गेले. मोठा कॅमेरा जिथं शिरत नाही आणि फोन जिथं कमी पडतो, अशा जागांचे फोटो. तुमच्या मनात असा कुठला न आलेला कॅमेरा आहे? आणि त्यावाचून नेमकं काय हुकलं?

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, मी तं मोबाइलनंच काढतो. तुम्ही सांगून राहिले त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१६ लेच, एलजीनं जी५ फोन जाहीर केला होता. मांगं दोन कॅमेरे, त्यातला एक १३५ अंशाचा. पूर्ण गल्ली मावे त्याच्यात. मंग हा डीएल काऊन पाहिजे होता? खरंच इचारतो, समजून घ्याचं आहे.

---

काउंटरच्या_अलीकडे

ठेचाभाऊंचा प्रश्न बरोबर आहे, आणि मी त्याला दुकानदाराच्या बाजूनं उत्तर देतो. नागपुरात बर्डीवर माझी कॅमेऱ्याची विक्री फिल्मच्या काळापासून आहे.

जपानच्या कॅमेरा उद्योग संघटनेचे आकडे बघा. २०१० साली जगभर दहा कोटींहून जास्त छोटे, म्हणजे लेन्स न बदलणारे, कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०१६ ला सव्वा कोटी. २०२३ ला सतरा लाखांच्या आसपास. हे आकडे माझ्या शेल्फवर मला रोज दिसत होते. २०१० ला दिवाळीच्या आठवड्यात छोटे कॅमेरे पेटीनं मागवत होतो. २०१६ ला गिऱ्हाईक यायचं, आठ-दहा हजाराचा कॅमेरा हातात घ्यायचं, चालू करायचं, मग खिशातला फोन काढून त्याच वस्तूचा फोटो घ्यायचं आणि दोन्ही स्क्रीन शेजारी धरायचं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, तेवढ्याशा स्क्रीनवर, फोनचाच फोटो चांगला दिसायचा. त्यानंतर मी काहीही बोललो तरी उपयोग नसायचा.

त्यात आपल्याकडे जुलै २०१७ ला डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के जीएसटी लागला. १८ वर आला तो जानेवारी २०१९ पासून. म्हणजे डीएल वेळेवर निघाला असता तरी ८५० डॉलरचा माल नागपुरात पोचेपर्यंत साठ-सत्तर हजाराचा झाला असता. त्या पैशात लोक डीएसएलआर आणि दोन लेन्सचा संच घेत होते. मोठा कॅमेरा मोठा दिसतो, लग्नात मान मिळतो, हे आमच्या धंद्यातलं सत्य आहे.

वाटसरू, तुमच्यासारखी माणसं अख्ख्या शहरात किती निघाली असती? मी म्हणतो पंधरा-वीस. कंपनीला पंधरा-वीसांवर कारखाना चालवता येत नाही. ज्या दिवशी डीएल रद्द केले त्याच दिवशी निकॉननं सुमारे ३० अब्ज येनचा असाधारण तोटा जाहीर केला होता. हजाराहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. त्या ताळेबंदासमोर बसून तुम्ही काय केलं असतं?

---

मोहर्ली_गेट

मी जंगलातला. मला सुरुवातीला डीएल २४-५०० चं फार आकर्षण होतं. आता हिशेब केल्यावर वाटतं, तो गेला त्याचं फारसं दुःख करू नये.

५०० हा आकडा ३५ मिमीच्या हिशेबातला आहे. १ इंची सेन्सरला २.७ नं भागायचं, म्हणजे खरी फोकल लेंथ साधारण १८५ मिमी. एफ/५.६ ला लेन्सचं तोंड उघडतं ३३ मिमी. त्याच वर्षी मार्चमध्ये सोनीनं आरएक्स१० चं तिसरं मॉडेल आणलं, २४-६००, आणि शेवटच्या टोकाला एफ/४. तिथं हेच तोंड उघडतं ५५ मिमी. क्षेत्रफळाच्या हिशेबानं पावणेतीन पट. थंडीत सकाळी साडेसहाला गेटमधून आत गेल्यावर पहिला पाऊण तास जो उजेड असतो, त्यात पावणेतीन पट म्हणजे पट्टे दिसणं आणि पिवळसर चिखल दिसणं यातला फरक. फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, भाषेत सांगायचं तर डीएल २४-५०० चं लांबचं टोक एफ/१५ सारखं वागलं असतं. दुपारच्या उन्हात पाणवठ्यावर तो छान चालला असता. पण दुपारी फोटो कुणालाही मिळतात.

तरीही छोट्या झूम कॅमेऱ्याची जंगलात गरज आहे, आणि ती पर्यटकांपेक्षा गाइड आणि जिप्सीचालकांना जास्त आहे. ताडोब्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, कॅमेरा चालतो. याच कारणानं मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो. डीएल लांबणीवर पडले तो एप्रिल २०१६ म्हणजे उमरेड-कऱ्हांडल्याचा वाघ जय दिसेनासा झाला तोच महिना. २०१३ ला नागझिऱ्याहून चालत आलेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एवढा मोठा वाघ, आणि पुढं पत्ताच नाही. जयचे देखणे फोटो सहाशे मिमीच्या लेन्सवाल्या पाहुण्यांकडे भरपूर आहेत. ज्यांनी त्याला आठवड्यातून चारदा पाहिलं, त्याची चाल बघून आज कुठं वळणार ते सांगितलं, त्या माझ्या ओळखीच्या गाइड लोकांकडे काय आहे? पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो. त्यांनी स्वतः काढले असते तर ते वेगळे असते, कारण कुठं आणि कधी बघायचं हे त्यांना ठाऊक होतं.

पण हजार डॉलरचा कॅमेरा त्यांनी कुठून घेतला असता, हेही आहेच.

---

गोरेवाडा_पाखरू

तिघांतल्या ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाहीये, तो माझा. डीएल २४-८५.

लोक त्याला सोनीच्या आरएक्स१०० ची नक्कल म्हणून सोडून देतात. पण त्याच्यात सुपर मॅक्रो होतं, ३५ मिमीच्या हिशेबात १:१. म्हणजे ३६ मिमी रुंदीची वस्तू पूर्ण फ्रेम भरणार. मी सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीच्या बाजूला फुलपाखरं आणि कोळी बघत फिरते. माझ्या वाट्याला येणारे जीव बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात आणि ते जमिनीपासून वीतभर उंचीवर, गवताच्या काडीखाली बसतात. तिथं मोठा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स खाली टेकवेपर्यंत गवत हलतं आणि जीव उडतो. छोटा कॅमेरा एका हातानं खाली सरकवता येतो. शिवाय लहान सेन्सरमुळे फोकसची खोली जास्त मिळते. मोहर्ली_गेट यांना जो तोटा वाटतो तो माझ्यासाठी फायदा आहे, कारण फुलपाखराचे डोळे आणि पंखाची कड दोन्ही स्पष्ट येतात.

वाटसरू, म्हणून "यातला एकच महत्त्वाचा" हे मला मान्य नाही.

---

इतवारीचा_वाटसरू

पाखरूताई, मॅक्रोबद्दल तुमचं म्हणणं पटलं. १:१ हे मी कागदावर वाचलं होतं, पण त्याचा असा उपयोग माझ्या डोक्यात आला नव्हता. "एकच" हा शब्द मी सोडतो.

ठेचाभाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. एलजी जी५ नं वाइडचा प्रश्न सोडवला, पण अर्धाच. २०१६ च्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण १७ ते २५ चौरस मिमीचा, आणि वाइडचा त्याहून लहान. १ इंची सेन्सर (हे नुसतं वर्गाचं नाव) ११६ चौरस मिमीचा. इतवारीतल्या गल्लीचं दृश्य डोळ्यासमोर आणा. पावसाळी आभाळ, दोन्ही बाजूंना तीन मजली घरं, दुकानांपुढं ताडपत्र्या. खाली जवळजवळ संध्याकाळ आणि वर पांढरं आभाळ. फोनच्या वाइड कॅमेऱ्यात एकतर आभाळ जळतं, नाहीतर माणसं काळी पडतात. आजचे फोन अनेक फ्रेम एकत्र करून हे बरंच सांभाळतात, पण नाचणाऱ्या माणसाचे हात त्यात दोन-दोन उमटतात. २०१६ ला तेवढंही नव्हतं.

आता काउंटरकाका. तुमचा ताळेबंदाचा मुद्दा मी टाळणार नाही. पण एक गोष्ट तपासून बघा. मार्च २०११ ला फुजीफिल्मचा एक्स१०० नुकताच बाहेर पडत होता आणि जपानमध्ये मोठा भूकंप झाला. तो ज्या कारखान्यात बनत होता तो सेंडाईजवळच, मियागी प्रांतात. उत्पादन थांबलं, पुन्हा सुरू झालं, कॅमेरा आला, आणि त्याच घराण्यातला सहावा कॅमेरा २०२४ ला आला तेव्हा लोक महिनोन् महिने वाट बघत होते. २०११ पासून छोट्या कॅमेऱ्यांचा बाजार कोसळतच होता. एक्स१०० तरीही जगला, कारण तो फोनशी स्पर्धा करतच नव्हता. दहा कोटींचा बाजार सतरा लाखांवर आला हे खरं. पण जे गेले ते आठ-दहा हजाराचे कॅमेरे. डीएल १८-५० त्या रांगेतला नव्हता. त्याला त्या रांगेच्या मोजपट्टीनं मोजलं, हे मला खुपतं.

---

जुनी_रीळ

तुम्ही सगळे न बनलेल्या कॅमेऱ्यांबद्दल बोलताय. माझ्या पिढीला बनलेले कॅमेरेही मिळत नव्हते, त्याबद्दल लिहितो.

१९७९ ला ऑलिंपसनं एक्सए काढला, योशिहिसा मैतानी यांची रचना. सरकतं झाकण, मुठीत मावणारा, आणि तरी त्यात अंतर मोजून फोकस जुळवणारं खरं रेंजफाइंडर. १९९३ ला निकॉनचा ३५टीआय आला, टायटॅनियमचं अंग आणि वर घड्याळासारखे काटे. आम्ही हे सगळं परदेशी मासिकांच्या जुन्या अंकांत बघायचो. १९९१ आधी असा कॅमेरा आयात करणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. ज्याचा मामा किंवा भाऊ आखातात, त्याच्याकडे येणार. बाकी मोहल्ल्यात आग्फा क्लिक थ्री, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. पुढं ११० फिल्मचा हॉटशॉट आला, तो लग्नात प्रत्येक आत्याच्या हातात असायचा. हे कॅमेरे भारतात बनत होते आणि त्यांनी लाखो घरांचे अल्बम भरले, हे मी आदरानं सांगतो. पण एक्सए जे करू शकत होता ते यांच्यानं होणारं नव्हतं.

काय हुकलं, तर दीक्षाभूमीचा स्तूप. १९७८ ला पायाभरणी झाली आणि लोकार्पण १८ डिसेंबर २००१ ला, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. तेवीस वर्षं तो घुमट आमच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. दर दसऱ्याला लाखो लोक येणार, त्या वर्षी काम कुठवर आलं ते मान वर करून बघणार. कुणी म्हातारी आपल्या नातवाला बोटानं दाखवतेय, मागं बांबूचे परांचे. मी त्या गर्दीत दरवर्षी होतो. माझ्याकडे एसएलआर होता, पण मोठ्या बॅगेतला. आणि ३६ फ्रेमच्या रोलमधल्या पंधरा फ्रेम पाहुण्यांच्या मानाच्या फोटोंसाठी राखून ठेवायच्या, कारण पैसे तिथून मिळायचे. बांधकामावर राबणाऱ्या मजुरांचा माझ्याकडे एकही नीट फोटो नाही. वर्तमानपत्रांना ते नको होते. खिशात एक्सए असता तर वर्तमानपत्र विचारायची गरज नव्हती.

वाटसरू, तुम्ही म्हणता तशा "विशिष्ट जातीच्या फोटों"त मी ही भर घालतो: कुणीही मागितले नाहीत असे फोटो. ते नेहमी छोट्या कॅमेऱ्यानंच होतात.

---

इतवारीचा_वाटसरू

रीळकाका, हे वाचून थांबलो थोडा वेळ. कृपया यावर वेगळा धागा काढा. क्लिक थ्रीवरचे चौकोनी फोटो असतील तर तेही टाका.

---

मुठेकाठी

पुण्याहून वाचतोय. न आलेल्यांच्या यादीत थोडी भर.

सिलिकॉन फिल्म: १९९८ च्या सुमारास जाहीर झालेली कल्पना. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात रोलच्या जागी बसवायचं डिजिटल काडतूस, १.३ मेगापिक्सेल. म्हणजे रीळकाकांचा एसएलआर तसाच ठेवून डिजिटल. सप्टेंबर २००१ मध्ये कंपनीनं काम थांबवलं.

पेंटॅक्सचा फुल फ्रेम डीएसएलआर: ६ मेगापिक्सेलचा, नमुना लोकांना दाखवला, २००१ मध्ये रद्द. हा छोटा कॅमेरा नव्हे, पण नमुना दाखवून मागं घेतल्याचं मोठं उदाहरण.

सिग्माचा फोव्हिऑन जातीच्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा: २०१८ ला जाहीर. पुढं सेन्सरचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, आणि अजून आलेला नाही. सिग्माबद्दल मला आशा आहे, कारण त्यांचा डीपी१ सुद्धा २००६ ला जाहीर होऊन २००८ ला आला होता. ते उशीर करतात, पण विषय सोडत नाहीत.

आणि वाटसरू, तुमच्या मुद्द्याला बळ देणारी गोष्ट तुम्हीच सांगितली नाहीत. २०२३ ला सोनीचा झेडव्ही-१ टू आला: १ इंची सेन्सर आणि १८-५० मिमी, डीएलचाच पल्ला. २०२५ ला कॅननचा पॉवरशॉट व्ही१ आला: १६-५० मिमी, आणि सेन्सर १ इंचीपेक्षा मोठा, १.४ इंची वर्गातला. म्हणजे कल्पना चूक नव्हती. पहिला कॅमेरा सात वर्षांनी आला, दुसरा नऊ वर्षांनी. दोन्ही व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आले, कारण आता पैसे तिकडे आहेत. दोन्हींना व्ह्यूफाइंडर नाही. सोनीत लेन्समधलं स्थिरीकरण नाही आणि ५० ला लेन्स एफ/४. कॅननची लेन्स १८ हूनही वाइड जाते, पण सुरुवातच एफ/२.८ नं होते. १८-५० च्या पल्ल्यात डीएलचं एफ/१.८-२.८ अजून कुणी दिलेलं नाही.

---

धंतोलीची_लेक

माझा हुकलेला विषय मला नेमका सांगता येतो: नागपूर-नागभीड नॅरोगेज.

अडीच फुटी रुळांवरची गाडी. इतवारीहून निघायची, उमरेड, भिवापूर करत नागभीडला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. डबा इतका अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. मधे मिरचीची पोती, पोत्यावर टेकलेली बाई, तिच्या मांडीवर डबा, दारात उभी कॉलेजची पोरं. खिडकीतून येणारं ऊन पोत्यांवर पडलं की सगळ्या डब्याला लाल झाक यायची आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी शिंकायचं. त्या डब्यात मी बऱ्याचदा बसले. माझ्याकडच्या लेन्सनं एकतर बाई यायची किंवा पोती. दोन्ही मिळून जे होतं ते यायचं नाही. वाटसरूंनी मारबतीचं जे सांगितलं तेच, फक्त इथं पुढच्या वर्षी पुन्हा जायची सोय नाही. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात इंजिनं नीट जपून ठेवलीयत. आतली माणसं कशी बसायची ते तिथं दिसत नाही.

डीएल १८-५० वेळेवर आला असता तर २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं मिळाली असती. काउंटरकाकांचा "पंधरा-वीस जण" हा आकडा मी खरा धरते. पण त्या पंधरा-वीसांतले दोघंजण तरी या गाडीत बसले असते, आणि आज नागपूरकडे तो डबा आतून असता.

अजून एक, बायका. हळदीला, डोहाळजेवणाला, विहारात दुपारी जमणाऱ्या बायकांमध्ये मी मोठा कॅमेरा काढला की पदर सावरले जातात आणि गप्पा थांबतात. छोटा कॅमेरा असला की थोड्या वेळानं कुणाचं लक्षच राहत नाही. फोन काढला तर आणखी वेगळी भीती: हा फोटो लगेच कुठं जाणार? कॅमेऱ्यातला फोटो कॅमेऱ्यातच राहतो, असं त्यांना वाटतं. हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

ताई, नागभीडच्या गाडीचं वाचून आमचा आजा आठवला, तो भिवापूरहून त्याच गाडीनं मिरची आने. मले आता समजलं तुम्ही कायले म्हणून राहिले ते. फोनवाला प्रश्न वापस घेतो.

---

काउंटरच्या_अलीकडे

मी माझा धंद्याचा मुद्दा सोडत नाही, कारण तो खरा आहे. पण धंतोलीच्या ताईंनी आणि वाटसरूंनी जे लिहिलंय, त्यानंतर एक कबूल करायला हवं: गेल्या तीन-चार वर्षांत काउंटरवरचं चित्र पालटलंय. विशीतली पोरं येतात आणि फोन नको, छोटा कॅमेरा हवा असं सांगून मागतात. एक्स१०० ची किंमत दीड लाखाच्या पुढं, तरी नाव नोंदवून जातात. रिकोचा जीआर विचारतात, तो मी शेल्फवर ठेवू शकत नाही. त्यांना आईवडिलांच्या कपाटातला २०१० चा कॉम्पॅक्टही चालतो. २०१७ ला कुणी मला हे सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. निकॉनच्या हिशेबनिसांनाही ते कुणी सांगू शकलं नसतं. म्हणून मी त्यांना दोष देत नाही, आणि तुम्हाला हळहळ वाटते तीही खोटी म्हणत नाही.

---

मोहर्ली_गेट

काकांशी एका गोष्टीवर असहमत. तीन कॅमेऱ्यांतला एक काढून दोन रद्द करता आले असते. तिघांची फळी एकदम जाहीर केली आणि एकदमच मागं घेतली. लेन्स तयार, अंग तयार, नमुने लोकांच्या हातात देऊन झाले होते. माझ्या मते २४-५०० सुरुवातीपासून कमजोर होता, तो वगळून १८-५० मर्यादित संख्येनं काढायचा. फुजीनं एक्स१०० पहिल्यांदा काढला तेव्हा तोही कुणा सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी नव्हताच.

---

इतवारीचा_वाटसरू

+१. माझं पूर्ण म्हणणं हेच.

मुठेकाठी, व्ही१ बद्दल बरं झालं लिहिलंत. मी तो हातात घेऊन पाहिलाय. १६ मिमीची चौकट बघून खरोखर आनंद झाला. सेन्सर मोठा असल्यानं एफ/२.८ ची भरपाई बरीचशी होते. व्ह्यूफाइंडर नसल्यानं भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, हा एकच मोठा अडसर. मारबत ढगाळ दिवसांत असते, तेव्हा चालेल. यंदा मिरवणुकीत माणसांचे हात काढायचे, तोंड नाही, एवढं ठरलंय.

---

नवा_सदस्य_वर्धा

सगळा धागा एका दमात वाचला. मी वर्ध्याला शिकतो, बजेट वीस-पंचवीस हजार. नवीन परवडणार नाही. १ इंची सेन्सरचा जुना कॉम्पॅक्ट घेताना काय बघायचं, काउंटरकाका सांगाल का?

---

काउंटरच्या_अलीकडे

सांगतो. आरएक्स१०० चं पहिलं किंवा दुसरं मॉडेल, किंवा कॅननचा जी७ एक्स बघ. उजेडात, दुकानाबाहेर येऊन तपास.

आधी कॅमेरा दहा-बारा वेळा चालू-बंद कर. लेन्स बाहेर येताना अडखळली, तिरकी झाली किंवा घरघर वाजली तर घेऊ नको, कारण लेन्सच्या मोटरची दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीएवढी जाते आणि सुटे भाग मिळेनासे झालेत. मग पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो घे. अपर्चर बंद करायचं, एफ/११ पर्यंत, आणि झूम दोन्ही टोकांना. फोटोत काळे ठिपके दिसले तर आत धूळ गेलीय. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ती साफ करायला सगळा कॅमेरा उघडावा लागतो. आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हाळ्यात हा दोष फार जणांत सापडतो.

त्यानंतर विटांच्या भिंतीचा एक फोटो, वाइड टोकाला, अपर्चर उघडं ठेवून. चारही कोपरे सारखेच धूसर असतील तर ठीक. एकच कोपरा वाहून गेला असेल तर कॅमेरा कधीतरी पडलाय. बॅटरी फुगलेली नाही ना ते काढून बघ, टेबलावर ठेवून फिरव, गोल फिरली तर फुगलीय. नवी बॅटरी अस्सल कंपनीची घे. स्क्रीन उचलणारी असेल तर उचलून-दाबून बघ, आतली पट्टी कापली गेली की चित्र जातं-येतं.

बिल आणि सिरीयल नंबर जुळव. सर्टिफिकेट नसेल तरी चालेल, पण विकणारा नंबरचा फोटो द्यायला कचरत असेल तर सरळ निघून ये. नागपूरला आलास तर कॅमेरा घेऊन दुकानात ये, मी तपासून देतो, पैसे लागणार नाहीत.

---

धंतोलीची_लेक

वर्धेकर, आणि १६ जीबीची दोन कार्डं घे, एक मोठं नको. एक बिघडलं तर अर्धे फोटो तरी वाचतात.